कोच बदलला की टीम बदलते का? विदर्भाच्या साठ वर्षांची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय अगदी रोजच्या वादातला आहे. टीम हरायला लागली की दोन-तीन मॅचनंतर एक वाक्य येतंच येतं: "कोच बदला ना भाऊ." मग वाशिमच्या पाटणी चौकात असो की पुण्याच्या हॉस्टेलवर, दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते कोचच नालायक. दुसरी म्हणते कोच काय मैदानात जाऊन बॅटिंग करणार आहे का?

हा वाद आपल्याकडे आयपीएलवर जास्त होतो. पण आपल्या स्वतःच्या टीमवर तो फार कमी होतो, आणि मला वाटतं या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याच टीमच्या इतिहासात आहे. आपली टीम म्हणजे विदर्भ. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, इथल्या कुठल्याही पोराला रणजी खेळायची असेल तर साधारण रस्ता विदर्भाच्या टीममधूनच जातो. म्हणून हा इतिहास माहीत असायला पाहिजे.

साठ वर्षं काहीच नाही

सुरुवात थोडी मागून करू. भारताचा पहिला कसोटी कर्णधार कोण? सी. के. नायडू. १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा कॅप्टन तेच. त्यांचा जन्म १८९५ चा, नागपूरचा. पण त्यांची मोठी कारकीर्द गाजली ती इंदूरच्या होळकर टीमकडून. म्हणजे माणूस आपला, नाव दुसऱ्याचं. ही सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

रणजी ट्रॉफी सुरू झाली १९३४-३५ ला. तेव्हा आपला भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाडमध्ये होता आणि त्याच नावाची टीम होती. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, आणि १९५७-५८ पासून 'विदर्भ' या नावाने टीम रणजी खेळायला लागली.

आणि त्यानंतर? त्यानंतर जवळपास काहीच नाही. १९५७-५८ ते २०१६-१७ या एवढ्या काळात विदर्भ एकदाही रणजीची फायनल खेळला नाही. जिंकणं सोडा, फायनलच नाही. २००२-०३ पासून रणजीत एलिट आणि प्लेट असे दोन भाग झाले. एलिट म्हणजे तगड्या टीम, प्लेट म्हणजे बाकीच्या. विदर्भ बऱ्याच वेळा या बाकीच्यांत असायचा. विदर्भाकडून खेळून भारतासाठी कसोटीत पोचलेला पहिला खेळाडू उमेश यादव, तोही २०११ ला. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाचा पोरगा. टीमला पहिला कसोटीपटू मिळायला चोपन्न वर्षं लागली.

आता या चोपन्न वर्षांत कोच बदलले नसतील का? बदललेच. कॅप्टन बदलले, निवड समित्या बदलल्या. फरक काही पडला नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१७: पंडित येतात

आता गोष्टीचा हिरो. चंद्रकांत पंडित. मुंबईचे विकेटकीपर-बॅट्समन, भारताकडून ५ कसोटी आणि ३६ वनडे खेळलेले. पण त्यांचं खरं नाव झालं कोच म्हणून. मुंबईला त्यांनी २००२-०३ आणि २००३-०४ ला रणजी जिंकून दिली. नंतर परत आले आणि २०१५-१६ ला पुन्हा जिंकून दिली. त्याच्या पुढच्या वर्षी मुंबई फायनलला गेली आणि गुजरातकडून हरली.

फायनलला गेलेला कोच. तरी २०१७-१८ साठी मुंबईने पंडितांऐवजी समीर दिघेंना घेतलं. पंडित मोकळे झाले आणि विदर्भाने त्यांना लगेच उचललं.

त्या सीझनला काय झालं ते भरभर सांगतो. गटात विदर्भ पहिला. क्वार्टर फायनलला सुरतमध्ये केरळला ४१२ धावांनी हरवलं. सेमीफायनल कर्नाटकशी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. ही मॅच जरा थांबून बघू.

विदर्भ पहिल्या डावात १८५ ला ऑलआउट. कर्नाटक ३०१. म्हणजे ११६ ची पिछाडी. जुना विदर्भ इथेच संपला असता. पण दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केले. कर्नाटकला जिंकायला १९८ हवे होते. शेवटच्या दिवशी सकाळी हिशोब असा होता: कर्नाटकला ८७ धावा, विदर्भाला तीन विकेट. कर्नाटक तसंच पुढे पुढे येत गेलं. शेवटी १९२ वर ऑलआउट. विदर्भ ५ धावांनी जिंकला. रजनीश गुरबानी नावाच्या पोराने त्या डावात ७ बळी घेतले, मॅचमध्ये एकूण १२. हा गुरबानी सिव्हिल इंजिनिअरिंग केलेला. आमच्या जमातीतला, फक्त त्याने नोकरीचा नाद लावून घेतला नाही.

फायनल दिल्लीशी, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. बघा, ज्या होळकरांकडे आपला नायडू गेला, त्यांच्याच नावाच्या मैदानावर. दिल्ली २९५, त्यात ध्रुव शोरीचे १४५. गुरबानीची हॅट्ट्रिक. रणजी फायनलमधली ही फक्त दुसरी हॅट्ट्रिक. विदर्भ ५४७. त्यात अक्षय वाडकरचे १३३, आणि हे त्याचं पहिलंच फर्स्ट क्लास शतक. दिल्ली परत २८० ला संपली. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ ९ विकेटनी जिंकला. कॅप्टन फैज फजल, त्याच्या त्या सीझनला ९१२ धावा.

पुढच्या वर्षी, २०१८-१९ ला, परत. या वेळी फायनल आपल्या घरी, नागपूरच्या जामठ्याला, सौराष्ट्राविरुद्ध. ७८ धावांनी जिंकले. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने ११ बळी घेतले, आणि चेतेश्वर पुजारासारख्या माणसाला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. वसीम जाफर त्या सीझनला चाळिशीत होता, त्याने १०३७ धावा केल्या. दोन्ही वर्षी इराणी कपही आपल्याकडेच.

साठ वर्षं शून्य, कोच बदलला, लगेच दोन. आता मला सांगा, "कोच बदला" म्हणणाऱ्या पार्टीला यापेक्षा मोठा पुरावा कुठे मिळणार?

पण जरा थांबा: ताप आणि डॉक्टर

इथे एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचा वाद नीट होईल.

घरी कोणाला व्हायरल ताप आला. पहिल्या दिवशी गोळी दिली, उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, हा डॉक्टर बरोबर नाही, दुसऱ्याकडे न्या. दुसऱ्या डॉक्टरने गोळी बदलली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. घरात जन्मभर सांगतात, काय हात आहे त्या डॉक्टरचा! आता तो ताप चौथ्या-पाचव्या दिवशी तसाही उतरणारच होता. आपण डॉक्टर बदलतोच कधी? ताप सगळ्यात जास्त असतो तेव्हा. आणि सगळ्यात जास्त असतो त्यानंतर तो बहुतेक वेळा कमीच होतो.

कोचचंही असंच. आपण कोच काढतो कधी? टीम सगळ्यात वाईट खेळत असते तेव्हा. तिथून पुढचे महिने थोडे बरे जाणार याची शक्यता तशीही जास्त असते. ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ ला आई-बापांच्या आणि मुलांच्या उंचीवरून ती मांडली. खूप उंच आई-बापांची मुलं सरासरी त्यांच्यापेक्षा थोडी बुटकी, खूप बुटक्यांची थोडी उंच. टोकाला गेलेली गोष्ट परत मधे येते.

फुटबॉलमध्ये हे तपासून झालंय. बास तेर वील नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ मधल्या नेदरलँड्सच्या वरच्या लीगचा अभ्यास केला. त्याने हुशारी काय केली, तर फक्त मॅनेजर हाकललेल्या क्लबांकडे बघितलं नाही. ज्यांची घसरण तशीच झाली होती पण ज्यांनी मॅनेजर ठेवला, असे क्लबही बघितले. दोघेही साधारण सारखेच सावरले. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कंट्रोल ग्रुप म्हणतो. बटणाचा रंग बदलला आणि विक्री वाढली म्हणून नाचायच्या आधी, ज्यांना जुनाच रंग दिसत होता त्यांच्याकडची विक्री वाढली का ते बघायचं असतं.

आणि पंडितांचंच उदाहरण घ्या ना. २०१९-२० ला ते विदर्भाचेच कोच होते. दोन वेळचा चॅम्पियन, तोच कोच, टीम बरीचशी तीच. विदर्भ शेवटच्या आठातही नव्हता. नंतर पंडित कोलकाता नाईट रायडर्सकडे गेले. २०२३ ला कोलकाता सातवी, २०२४ ला चॅम्पियन, २०२५ ला आठवी. तोच माणूस, तीच शिस्त. सात, एक, आठ. फक्त निकालावरून कोच चांगला की वाईट ठरवायचं तर पंडित आधी वाईट, मग महान, मग परत वाईट. असं असतं का कुठे?

तुम्ही म्हणाल, म्हणजे विदर्भाचं २०१८ पण नशीबच का? नाही. हेच मला सांगायचंय. एक वेळ ५ धावांनी जिंकणं नशीब असू शकतं. सलग दोन रणजी आणि दोन इराणी कप नशिबाने मिळत नाहीत. मग कारण काय? त्यासाठी आपल्याला २०१७ सोडून आणखी मागे जावं लागेल.

२००९: जे कोणाच्या लक्षात नाही

विदर्भ क्रिकेट असोसिएशनने २००९ च्या सुमारास नागपुरात निवासी अकादमी सुरू केली. या कामात पुढे होते प्रशांत वैद्य, नागपूरचे जुने फास्ट बॉलर, १९९५-९६ च्या काळात भारताकडून ४ वनडे खेळलेले.

'निवासी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. विदर्भात ११ जिल्हे. नागपूरचा पोरगा संध्याकाळी बाबांच्या स्कूटरवर नेटला जाऊन येतो. वाशिमचा पोरगा काय करणार? वाशिम ते नागपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. २००९ ला तर तोही नव्हता. अकोल्याचा, वर्ध्याचा, वाशिमचा पोरगा रोज नेटला जायचं म्हटलं तर राहायची सोय हवी. नाहीतर टॅलेंट गावातल्या टेनिस बॉल टूर्नामेंटमध्येच मॅन ऑफ द मॅचचा कुकर घेऊन संपतं.

दुसरी गोष्ट, बाहेरचे खेळाडू. रणजीत दुसऱ्या राज्यातले काही खेळाडू घेता येतात. विदर्भाने त्यात फक्त नाव बघितलं नाही. कर्नाटकचा गणेश सतीश आला, तमिळनाडूचा बद्रीनाथ आला आणि कॅप्टन झाला, २०१५-१६ ला मुंबईचा वसीम जाफर आला. तो स्वतः धावा करायचाच, शिवाय शेजारी उभ्या असलेल्या पोराला चार दिवसांची मॅच कशी खेळायची ते दाखवायचा.

आणि याचा परिणाम पंडितांच्या आधीच दिसायला लागला होता. २०१४-१५ ला विदर्भ क्वार्टर फायनलला. २०१५-१६ ला परत क्वार्टर फायनलला. त्याआधीच्या वर्षांत पारस म्हांब्रेही विदर्भाचे कोच राहिले होते, तेच जे नंतर भारताचे बॉलिंग कोच झाले. त्यांच्या नावावर ट्रॉफी नाही, म्हणून आपल्याला आठवत नाहीत. पण आलेख वर जायला लागला होता तो २०१७ च्या आधीच.

आणखी एक पुरावा. ज्या २०१७-१८ ला मोठ्या टीमने रणजी जिंकली, त्याच सीझनला विदर्भाच्या एकोणीस वर्षांखालच्या पोरांनी कूचबिहार ट्रॉफी जिंकली. फायनलला मध्य प्रदेशविरुद्ध अथर्व तायडेने त्रिशतक ठोकलं. अथर्व अकोल्याचा, म्हणजे आपल्या बाजूचाच. १९९८ पर्यंत वाशिम अकोला जिल्ह्यातच होतं. आता ती अंडर नाइन्टीनची पोरं काही मोठ्या टीमचा कोच आला म्हणून चार महिन्यांत तयार झाली नव्हती.

मग पंडितांनी काय केलं?

आता उलट टोकाला जाऊ नका. "कोच काहीच करत नाही, अकादमीच सगळं करते" असंही मी म्हणत नाहीये.

आपल्या भागातलं उदाहरण देतो. सोयाबीन. जूनमध्ये पेरतो, ऑक्टोबरच्या आसपास काढतो. काढणीला मळणीयंत्र घेऊन आलेल्या माणसाला कोणी म्हणत नाही की पीक तू आणलंस. बियाणं, जमीन, फवारणी, सगळं आधीचं. पण तोच माणूस पंधरा दिवस उशिरा आला तर? शेंगा तडकतात, दाणे जमिनीवर. उभं पीक डोळ्यांसमोर जातं. वाशिममधल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही.

पंडितांनी ती काढणी वेळेवर केली. पीक तयार होतं, पण साठ वर्षांत ते घरात कधी आलंच नव्हतं. क्वार्टर फायनलला जायचं आणि "चला, आपल्यासाठी एवढंही खूप झालं" म्हणून परत यायचं, ही सवय मोडायला बाहेरचा, ट्रॉफी बघितलेला, कडक माणूस लागत होता. पंडितांची शिस्त प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावर टीकाही झाली आहे. आयपीएलमधल्या एका परदेशी खेळाडूने ती जाहीरपणे मिलिटरीसारखी आहे असं म्हटलं. पण ११६ ची पिछाडी असताना ईडनवर ३१३ करणं आणि शेवटच्या सकाळी तीन विकेटसाठी न घाबरणं, हे नुसत्या टॅलेंटने होत नाही. कॅप्टन फैजने पंडितांना जाहीर श्रेय दिलंय, ते उगाच नाही.

पंडितांनी हेच नंतर मध्य प्रदेशात केलं. तिथे तर त्यांचा जुना हिशोब बाकी होता. १९९८-९९ ला ते मध्य प्रदेशचे कॅप्टन होते आणि बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर फायनल हरले होते, तीही पहिल्या डावात आघाडी घेऊन. २०२२ ला त्याच मैदानावर, कोच म्हणून, त्यांनी मध्य प्रदेशला पहिली रणजी जिंकून दिली. समोर मुंबई.

आणि मुंबईचं काय झालं? फायनलला नेणारा कोच बदलला, पुढच्याच सीझनला क्वार्टर फायनलमध्ये कर्नाटककडून डावाने हरले. समीर दिघेंनंतर विनायक सामंत आले, नंतर अमोल मुजुमदार आले. २०१८-१९ आणि २०१९-२० ला मुंबई शेवटच्या आठातही नव्हती. पुढची रणजी मिळाली ती २०२३-२४ ला, ओंकार साळवी कोच असताना. मधे आठ वर्षं. या सगळ्यांत कोणी कच्चा होता का? मुजुमदारांकडे बघा. २०२५ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये भारत लागोपाठ तीन मॅच हरला तेव्हा त्यांच्यावर किती टीका झाली, आठवतंय ना? तेव्हाच त्यांना काढलं असतं तर? २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच टीमने, त्याच कोचसोबत वर्ल्ड कप उचलला.

खरी परीक्षा: कोच गेल्यावर

तर मग चांगला कोच ओळखायचा कसा? मला वाटतं चाहत्यांनी एक प्रश्न विचारायला पाहिजे: हा माणूस गेल्यावर काय उरेल?

विदर्भाची ही परीक्षा झाली. २०२० ला पंडित मध्य प्रदेशला गेले. कोविडमुळे २०२०-२१ ला रणजी झालीच नाही. २०२१-२२ ला आपण शेवटच्या आठात नाही. २०२२-२३ ला परत नाही. जाफर २०२० ला निवृत्त झाला. "दोन कप मिळाले, आता परत साठ वर्षं" असं म्हणायची वेळ आली होती.

पण त्या वाईट दिवसांतही एक मॅच बघा. जानेवारी २०२३, नागपूर, गुजरातविरुद्ध. विदर्भ पहिल्या डावात ७४ ला ऑलआउट. शेवटी गुजरातला जिंकायला हवे होते फक्त ७३. गुजरात ५४ वर ऑलआउट! सरवटेचे १७ धावांत ६ बळी. रणजीच्या इतिहासात एवढं छोटं टार्गेट कोणी वाचवलं नव्हतं. ती ईडनची सवय कोचबरोबर गेली नव्हती, पोरांमध्ये राहिली होती.

२०२३-२४ ला कोच होते उस्मान गनी. विदर्भाचेच माजी खेळाडू, बाहेरून आणलेलं मोठं नाव नाही. कॅप्टन अक्षय वाडकर, तोच इंदूरच्या फायनलमधला १३३ वाला. टीम फायनलला गेली. वानखेडेवर मुंबईने ५३८ चं टार्गेट दिलं. जुना विदर्भ दीडशेत गुंडाळला गेला असता. वाडकरने १०२ केले, टीमने ३६८. हरलो, १६९ धावांनी, पण पाचव्या दिवसापर्यंत मुंबईला घाम फोडला.

आता परत तोच प्रश्न. फायनल हरली. कोच बदलायचा? मुंबईने २०१७ ला बदलला होता. विदर्भाने गनींनाच ठेवलं.

२०२४-२५ ला सेमीफायनलला त्याच मुंबईला ८० धावांनी हरवलं. फायनल जामठ्यावर केरळशी. दानिश मालेवार, पहिल्याच सीझनचा पोरगा, १५३. करुण नायर, ज्याला कर्नाटकने सोडलं आणि विदर्भाने घेतलं, दुसऱ्या डावात १३५. मॅच ड्रॉ, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ चॅम्पियन. तिसऱ्यांदा. हर्ष दुबेने त्या सीझनला ६९ बळी घेतले, रणजीच्या एका सीझनमधला विक्रम. यश राठोडच्या ९६० धावा. मालेवार, दुबे, राठोड, पार्थ रेखडे. हे कोणी पंडितांच्या दोन विजेत्या टीमचे स्टार नव्हते. हे पुढचं पीक.

आणि गंमत ऐका. २०१८ च्या फायनलला आपल्याविरुद्ध १४५ करणारा ध्रुव शोरी २०२५ ला आपल्याकडून खेळत होता. आणि २०१९ ची फायनल जिंकून देणारा आदित्य सरवटे २०२५ ला केरळकडून आपल्याविरुद्ध! म्हणजे स्टार गेला, कोच गेला, जाफर गेला, तरी टीम जिंकली.

त्या केरळचीही गोष्ट लक्षात ठेवा. त्यांनी १९९६ ला श्रीलंकेला वर्ल्ड कप जिंकून देणारे डेव्ह व्हॉटमोर कोच म्हणून आणले होते. टीम २०१७-१८ ला क्वार्टर फायनल, २०१८-१९ ला सेमीफायनल. दोन्ही वेळा विदर्भाकडून हरली. मग व्हॉटमोर गेले आणि पहिल्या फायनलसाठी केरळला आणखी काही वर्षं थांबावं लागलं. मोठं नाव दार उघडून देतं. आत राहायला घर लागतं, ते हळूहळूच बांधावं लागतं.

वाशिमच्या पोराचा यात काय संबंध?

संबंध असा. आपण चाहते सगळी शक्ती "कोच कोण" या प्रश्नावर घालवतो, कारण कोचचा चेहरा दिसतो. त्याला शिव्या देता येतात, हार घालता येतात. अकादमीचा चेहरा नसतो. चौदा वर्षांखालच्या टीमची निवड कधी होते, जिल्ह्याच्या गावाला ती कळते का, निवड झालेल्या पोराची राहायची-जेवायची सोय कोण करतं, आपल्या जिल्ह्यात टर्फ विकेटवर वर्षातून किती मॅच होतात, यावर कोणी वाद घालत नाही. पण २०१८ आणि २०२५ चं उत्तर या प्रश्नांमध्ये होतं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. कोच बदला म्हणण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. एक, टीम आत्ता वाईट खेळतेय की कित्येक वर्षं वाईटच आहे? आत्ताचा ताप असेल तर थांबा. दोन, खालून पोरं येतायत का? येत नसतील तर देव जरी कोच म्हणून आणला तरी उपयोग नाही. तीन, पोरं येतायत पण निकाल येत नाहीये का? तेव्हा मात्र खरंच काढणीची वेळ झालीय, चांगला, कडक माणूस आणा आणि उशीर करू नका. विदर्भाने २०१७ ला नेमकं तिसऱ्या वेळी कोच बदलला. म्हणून तो बदल लागू पडला.

आता तुमचं काम. तुमच्या तालुक्यात अंडर फोर्टीन किंवा अंडर सिक्स्टीनची निवड होते का, मागच्या वर्षी झाली होती का, कुठे झाली, मुलींची झाली का, एवढं कुणालातरी विचारून बघा आणि मला कळवा. उत्तरं आली तर त्यावर एक वेगळा एपिसोड करू. तोपर्यंत जपून राहा, आणि पुढच्या वेळी कोणी "कोच बदला" म्हणालं की त्याला आधी सोयाबीनची गोष्ट सांगा.

भेटू पुढच्या भागात.